पाड्यावर वाद पेटण्याआधी: सातपुड्यातल्या वस्त्यांमध्ये हिंसेचे धोके कसे ओळखायचे आणि हात कुठे घालायचा

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा, नवापूर, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर. या तालुक्यांतल्या भिल्ल, पावरा, तडवी, मावची, कोकणी वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षक, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि गावातली धडपडी पोरंपोरी यांच्यासाठी ही कामाची टिपणं आहेत. खून झाल्यावर पंचनामा सगळेच करतात. इथे विषय त्याआधीच्या आठ-पंधरा दिवसांचा, कधी आधीच्या दोन-तीन महिन्यांचा आहे.

सुरुवातीलाच डोक्यातून एक वाक्य काढून टाका: "हे लोक मुळात तापट, प्यायले की कोयता काढतात." खालच्या गावांत, बसमध्ये, कचेरीतही ते सर्रास ऐकू येतं. ते मनात धरून पाड्यावर गेलात तर तुम्हाला फक्त दारू दिसेल. उचल (ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेला पैसा) दिसणार नाही, सातबाऱ्यावरून गळालेलं विधवेचं नाव दिसणार नाही, सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या कळांनी तळमळणारं पोर दिसणार नाही. मारहाण कोणाच्या रक्तात नसते. तिला हंगाम असतो, जागा असते, आणि बहुतेक वेळा तिच्यामागे पैशाचा किंवा जमिनीचा धागा असतो. म्हणून ती आधी ओळखता येते.

आधी वर्षाची तारीखवही करा

भिंतीवर बारा महिन्यांचा कागद लावा आणि पाड्यातल्या पाच-सहा वयस्क बाया-माणसांना विचारून भरा. बहुतेक वस्त्यांमध्ये चित्र साधारण असं निघतं.

जून ते सप्टेंबर हा सगळ्यात नाजूक काळ. घरातलं धान्य संपत आलेलं असतं, नाले भरून रस्ते तुटतात, साप चावतात, लेकरांना ताप-जुलाब लागतात. मृत्यू वाढले की "कोणी केलं?" हा प्रश्न येतो आणि एखाद्या बाईला डाकीण (करणी करणारी) ठरवण्याचे प्रकार डोकं वर काढतात. पेरणीच्या तोंडावर बांधाची आणि वनजमिनीची भांडणंही याच दिवसांतली. दिवाळीच्या आधी मुकादम उचल वाटतो. दिवाळीनंतर दक्षिण गुजरातकडे आणि इतर साखर कारखान्यांकडे ट्रक निघतात, पाडा रिकामा होतो, मागे म्हातारी माणसं आणि मुली उरतात. होळीच्या आसपास माणसं परततात. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो. एप्रिल-मे म्हणजे कारखान्याचा हिशोब, लग्नं, देज (वरपक्षाने मुलीच्या घरी द्यायची रक्कम) आणि जुनी देणीघेणी, सगळं एकदम.

भोंगऱ्या बाजाराबद्दल एक सांगायलाच हवं. बाहेरचे लोक त्याला "पोरी पळवण्याचा बाजार" म्हणतात. ते खोटं आहे आणि अपमानकारक आहे. तो होळीआधीचा खरेदीचा आणि भेटीगाठीचा बाजार आहे. धोका बाजारात नाही, बाजारातून रात्री परतायच्या वाटेवर आहे: जुनं वैर असलेली दोन कुळं, दारू, आणि एकच अरुंद वाट. त्या वाटेवर दोन ठिकाणी चार-चार जाणती माणसं उभी राहिली तरी पुष्कळ भागतं.

तारीखवही भरली की प्रत्येक धोक्यासमोर "सहा आठवडे आधी काय करायचं" असा रकाना पाडा. सर्पदंशावरचं प्रतिविष (विष उतरवणारं इंजेक्शन) ग्रामीण रुग्णालयात आहे की नाही, हे जूनमध्ये विचारून उपयोग नाही. एप्रिलमध्ये विचारायचं.

मग शिवार पायी फिरा

पाच ते सात जणांचा गट पुरे. त्यात किमान दोन वयस्क बाया असाव्यात आणि पाड्यातल्या प्रत्येक मोठ्या कुळाचं एक माणूस असावं. पोलीस पाटील घ्याच, पण फक्त त्याच्यावर विसंबू नका. तो भांडणातल्या एखाद्या बाजूचा भाऊबंद निघतो, म्हणून बीट अंमलदाराचा नंबर आणखी दोघांकडे ठेवा. बोलणं भिलोरीत, पावरीत, मावचीत, जी घरची भाषा असेल तिच्यात व्हावं. बाईचं म्हणणं तिच्या नवऱ्याकडून किंवा दिराकडून मराठीत करून घेऊ नका.

नकाशावर हे दाखवा: पाण्याच्या जागा आणि तिथे कोणाला मज्जाव आहे का, दारू विकणारी घरं, वादातले बांध, बाजाराची वाट, फोनला रेंज मिळते ती टेकडी, रात्री गाडी काढू शकेल असं घर, प्राथमिक आरोग्य केंद्र पावसाळ्यात खरोखर किती तासांवर आहे. सरदार सरोवरामुळे उठून तळोदा-शहादा भागात आलेल्या वसाहतींमध्ये आणखी एक थर असतो. कोणता पाडा कोणाशेजारी बसवला गेला, चराऊ रान कोणाचं कमी झालं, मूळच्या गावकऱ्यांचा राग कशावरून आहे, हे विचारा. तिथली भांडणं वरून ढोरांची दिसतात. तळाशी विस्थापन असतं.

नकाशावर कोणाचंही नाव लिहायचं नाही, घरांना क्रमांक द्यायचे. "डाकीण असल्याचा संशय असलेल्या बाया" अशी यादी एकदा कागदावर आली की तो कागदच आरोप होतो. चांगल्या हेतूने केलेली अशी यादी चुकून ग्रामपंचायतीच्या टेबलावर राहिली तर त्या बाईला गाव सोडावं लागू शकतं.

डाकीण: सगळ्यात जास्त लक्ष इथे

या प्रकाराला पायऱ्या असतात. पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबवणं सोपं, पाचवीवर जवळपास अशक्य.

पहिली पायरी आजारपणाची. तेच पोर पुन्हा पुन्हा आजारी पडतं, किंवा ढोरं मरतात, किंवा धडधाकट माणूस अचानक जातो. दुसरी भगताची, म्हणजे गावच्या मांत्रिकाची: कौल लावायला दाणे पाहिले जातात, नाव घेतलं जात नाही, पण "मावळतीकडच्या घरातली, एकटी राहते" इतकं सांगितलं जातं, आणि तेवढं पुरतं. तिसरी कुजबुज. तिच्या घरी कोणी चहा पीत नाही, लेकरांना तिच्या अंगणातून ओढून नेतात. चौथी पाण्यावर, लग्नात, दळणाच्या गिरणीवर मज्जाव. पाचवी म्हणजे पंच बसवून दंड मागणं, परीक्षा घेणं, मारहाण, आणि त्यापुढे जीव.

कोणावर येतं हे? विधवा, मूल नसलेली, म्हातारी, एकटी. आणि फार वेळा तिच्या नावावर किंवा ताब्यात दोन-चार बिघे असतात. आरोप करणाऱ्याचा बांध तिच्या बांधाला लागून आहे का, हे नेहमी तपासा.

पहिल्या पायरीवर दवाखान्याचं काम करायचं. सातपुड्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. हाडं-सांधे असह्य दुखणं, डोळे पिवळे होणं, रक्त कमी होणं, आणि हे सगळं येऊन जाऊन असणं. "कोणीतरी आतून खातंय" असं घरच्यांना वाटावं अशीच ही लक्षणं आहेत. सारखं दुखणं काढणाऱ्या प्रत्येक पोराची सिकलसेल चाचणी करून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रावर पहिली चाचणी होते, पुढची खात्रीची चाचणी तिथूनच पाठवतात. निदान झालं की घरातल्या सगळ्यांना, आजी-आजोबांसह, समोर बसवून सांगा की हे रक्तातलं आहे, आई आणि बाप दोघांकडून आलेलं आहे. हे सांगताना दोष आईवर ढकलला जाणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर डाकीण सुटते आणि सून अडकते. मिरगीचं तसंच. झटके येणाऱ्या माणसाला गोळ्या सुरू झाल्या की पाड्यातली निम्मी कुजबुज आपोआप थांबते.

दुसऱ्या पायरीवर भगताशी बोला. त्याला खोटा पाडायला जाऊ नका. भर सभेत त्याचा अपमान केलात तर तो आपला मान राखायला नाव आणखी ठासून घेईल. त्याच्याकडून एकच गोष्ट कबूल करून घ्या: "आधी दवाखाना, मग माझं." आणि बाईकडे बोट दाखवलं तर कायदा काय म्हणतो, हे एकांतात, शांतपणे सांगा. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात एखाद्या व्यक्तीला करणी करणारी ठरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा आहे. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, दंड 5,000 ते 50,000 रुपये, दखलपात्र आणि अजामीनपात्र. कायद्याचं हे भय पुष्कळ ठिकाणी भगतालाही हवंच असतं. लोकांचा दबाव त्याच्यावरही असतो, आणि "आता नाव घेतलं तर मला आत टाकतील" हे सांगून त्याला बाजूला होता येतं.

चौथ्या पायरीवर, म्हणजे पाणी बंद झालं की, बोलण्यात दिवस घालवू नका. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा राज्याचा कायदा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण तिथे कायद्याच्या आधी एक साधी कृती काम करते: गटातल्या दोन बाया रोज सकाळी तिच्यासोबत हातपंपावर जातात आणि तिच्या हंड्यानंतर आपला हंडा भरतात. सलग पंधरा दिवस.

तीन चुका मात्र कधीच करू नका. तिला "मी डाकीण नाही" अशी शपथ घ्यायला लावू नका. त्या शपथेने तिच्यावर सिद्ध करायचं ओझं येतं, आणि उद्या कोणाचं लेकरू आजारी पडलं की "खोटी शपथ घेतली" म्हणतात. दोन्ही बाजूंची जाहीर सभा लावू नका. जमाव जमला की त्याला निकाल हवा असतो. आणि "तिला भावाकडे पाठवून द्या, विषय मिटेल" हे मान्य करू नका. जिवाला धोका असेल तर जरूर हलवा, पण निघण्याआधी तिच्या उभ्या पिकाचं, ढोरांचं, घराचं फोटोसह टिपण करा, सातबारा आणि आठ-अ काढून ठेवा, आणि परत येण्याची तारीख ठरवा. तारीख न ठरवता हलवलेली बाई परत येत नाही, आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिच्या शेतात आरोप करणाऱ्याचा नांगर दिसतो.

खरी लस तर त्याही आधीची आहे. नवरा वारला की वारसनोंद लगेच करून घ्या, बाईचं नाव लागलंय ना हे फेरफारावर स्वतः वाचा. वनहक्काची जमीन असेल तर 2006 च्या कायद्याने विवाहित जोडप्याचा हक्क दोघांच्या संयुक्त नावाने नोंदवायचा असतो. तो वारसाने जातो, विकता येत नाही. नुसत्या नवऱ्याच्या नावाने आलेले पट्टे अजूनही घराघरांत आहेत. ते दुरुस्तीला टाका.

उचल, कोयता आणि घरातली मारहाण

ऊसतोडीत "एक कोयता" म्हणजे एक जोडपं. उचल दोघांच्या अंगमेहनतीवर मिळते, पण पैसा नवऱ्याच्या हातात पडतो. इथून पुढचं गणित समजून घ्या. बाई माहेरी गेली तर कोयता अर्धा होतो, आणि मुकादमाचं कर्ज मात्र पुरं राहतं. म्हणून तिला थांबवायला मारतात, कामाला जुंपायला मारतात, आणि हिशोबात "अजून फिटलं नाही" निघालं की त्याचा रागही तिच्यावरच निघतो. याला नुसतं "दारू पिऊन बायकोला मारतो" म्हणणं म्हणजे धुराकडे बघून आग विसरणं.

जाण्याआधी हे करा. उचलीची रक्कम, तारीख, मुकादमाचं नाव आणि फोन, कारखान्याचं नाव, ट्रकचा नंबर, सोबत गेलेल्या मुलांची नावं-वयं वहीत लिहा. उचलीचा कागद दोघांना वाचून दाखवा आणि त्याचा फोटो बाईच्या फोनमध्ये किंवा तिच्या आईकडे ठेवा. मागे राहणाऱ्या मुलांना हंगामी वसतिगृहात घाला. नुसती आजीजवळ ठेवलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी ही पाड्यातली सगळ्यात असुरक्षित व्यक्ती असते, आणि त्या भीतीपोटीच तिचं लग्न लवकर उरकतात. बालविवाह रोखण्याचा अधिकारी गावात ग्रामसेवक आहे, मदतीला अंगणवाडी सेविका. कर्जापायी कोणाला कामाच्या जागी अडकवून ठेवलं असेल तर ती वेठबिगारी आहे. 1976 च्या कायद्याने ते कर्जच रद्द होतं. तक्रार तहसीलदार-जिल्हाधिकाऱ्याकडे.

परतल्यावर, एप्रिल-मेमध्ये, लसीकरणाच्या दिवशी बाईला एकटीला गाठून हे विचारा. गेल्या काही महिन्यांत मार वाढलाय का? कधी गळा दाबला का? कोयता, कुऱ्हाड, विळा दाखवला का? पोटुशी असताना मारलं का? दुसऱ्या कोणाशी संबंध आहे असा सारखा संशय घेतो का? "तुला मारून मीही मरेन" म्हणतो का? तू सोडून जायचं बोललीस का?

यातल्या दोन-तीन प्रश्नांना होकार आला तर ते प्रकरण "नवरा-बायकोचं भांडण" राहिलेलं नाही. गळा दाबल्याला एकट्यालाच फार वजन द्या. बाहेर खूण नसली तरी आत सूज येऊन पुढच्या दोन-तीन दिवसांत श्वास अडकू शकतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर. सोडून जाण्याचा बेत असेल तर तो जाहीर होऊ देऊ नका. निघण्याचे दिवस सगळ्यात घातक असतात. आधार कार्ड, जातीचा दाखला, रेशनकार्ड आणि पट्ट्याच्या छायाप्रती दुसऱ्या घरी ठेवा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. न्यायदंडाधिकाऱ्याने पहिली सुनावणी साधारणपणे 3 दिवसांत ठेवायची असते. वकिलाचा खर्च नाही: स्त्री आणि अनुसूचित जमातीची व्यक्ती, दोघांनाही उत्पन्न न बघता मोफत विधी सेवा मिळते. नंबर पाड्यावर लिहून ठेवा: तातडीला 112, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098, विधी सेवेसाठी 15100.

दारूबद्दल

दारू आग लावत नाही, पण लागलेली भडकवते. मोहाची दारू पूजेला, जन्म-मरणाला लागते. तिच्यावर सरसकट तुटून पडलात तर म्हातारी माणसं दुरावतात. अडचण आहे ती विकायच्या दारूची, नवसागर घातलेल्या हातभट्टीची आणि उधारीवर मिळणाऱ्या बाटलीची. हे या भागाला नवं नाही. 1938 च्या सुमारास तळोद्याच्या मोरवडच्या गुलाम महाराजांच्या "आप" पंथाने हजारो भिल्लांची दारू सोडवली होती, आणि 1970 च्या दशकात शहाद्याच्या चळवळीतल्या आदिवासी बायांनी गुत्त्यांवर चाल करून मडकी फोडली होती. आज हाताशी पेसाही आहे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा. आधी महिला सभा घ्या, तिथला ठराव ग्रामसभेत आणा, उत्पादन शुल्क विभागाला आणि ठाण्याला प्रत द्या, पोच घ्या.

एक धोका बहुतेकांना माहीत नसतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणं, भास, फेफरं, कधी मृत्यूही. दारूबंदी लागू करायच्या आठवड्यात अशा माणसांची नावं आरोग्य केंद्राला कळवा. नाहीतर बंदीनंतर तिसऱ्या दिवशी भास होणारा माणूस ओरडतो, "ती मला खायला आलीय," आणि तुम्ही पुन्हा डाकिणीच्या पहिल्या पायरीवर उभे असता.

अफवा आणि अनोळखी माणूस

साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 ला, आठवडे बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारे समजून भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. त्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं गेलं आणि तिथेच मार पडला. यातून शिकायचं ते हे. फोनवरून फिरणाऱ्या अफवेला आधी शोधा. तसले व्हिडिओ आले की त्याच दिवशी शाळेत, बाजारात आणि गिरणीवर पोलीस पाटलाच्या तोंडून खुलासा करा. भटक्या समाजाचे लोक आले की पोलीस पाटलाने नोंद घ्यावी आणि गावाला सांगावं की नोंद झालीय. जमाव जमलाच तर माणसांना चार भिंतींत कोंडू नका. बंद खोली म्हणजे सापळा. जी पहिली गाडी मिळेल तिच्यात बसवून ठाण्याच्या दिशेने काढा, मागे राहून जमावाशी बोलत राहा, आणि 112 ला आधीच कळवलेलं असू द्या.

पंचांकडे काय न्यायचं, काय नाही

बांध, ढोरांनी खाल्लेलं पीक, उसनवार, देजाची बाकी, सज्ञान पोरगी मर्जीने पळून गेल्यावरची समजूत: हे पंच चांगलं मिटवतात, कोर्टापेक्षा लवकर आणि कमी खर्चात. तिथे त्यांना मान द्या. बलात्कार, लहान मुलांवरचा अत्याचार, डाकीण, जीवघेणी मारहाण आणि खून त्यांच्यापुढे ठेवायचे नाहीत. दंडाची रक्कम ठरून प्रकरण "मिटलं" तरी गुन्हा मिटत नाही, आणि दंड बापाच्या किंवा नवऱ्याच्या हातात जातो, पीडित मुलीला काहीच मिळत नाही. मुलांवरचा लैंगिक अत्याचार माहीत असून न कळवणं हा पॉक्सो कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्यात पंचही अडकतात. हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

मारणारा बाहेरचा, म्हणजे अनुसूचित जाती-जमातीत नसलेला जमीनमालक, ठेकेदार, मुकादम असेल तर 1989 चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा (अ‍ॅट्रॉसिटी) लावायला सांगा. त्यात अटकपूर्व जामीन नाही, तपास साधारण उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो, आणि सरकारी अर्थसाहाय्य मिळतं. पुढे पाठपुराव्यात जातीचा दाखला नसल्याने कामं अडतात. तो आधी काढून ठेवणं हेसुद्धा हिंसा रोखण्याचंच काम आहे. दोन्ही बाजू आदिवासी असतील तर हा कायदा लागत नाही. तिथे त्याच्या मागे वेळ घालवू नका.

हद्द कोणत्याही ठाण्याची असली तरी गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवता येतो. गुजरातेत फडावर झालेली मारहाण नंदुरबारात सांगता येते. "तिकडेच जा" म्हटलं तर अर्ज लेखी द्या आणि पोच मागा.

नंतरचे तीन महिने

घटना थांबवली किंवा निस्तरली की गट विस्कळीत होतो, आणि सूड नेमका त्यानंतर येतो. म्हणून पहिला आठवडा रोज, पुढचा महिना आठवड्याला, मग तीन महिने पंधरवड्याला त्रास झालेल्या बाईच्या घरी जा. "कसं आहे?" विचारू नका, ती "ठीक" म्हणेल. हे बघा: ती सकाळी सगळ्यांच्या वेळेला पाण्यावर जाते की ऊन चढल्यावर एकटी. गिरणीवर तिचं दळण रांगेत लागतं का. शेजारचं लेकरू तिच्या अंगणात खेळायला येतं का. तिचं शेत कोणी नांगरलं.